दंड भरला, पुढे काय?

गडबवरूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. हळदीहून रात्री याच रस्त्याने परतणारे आपलेच असतात. वंदनेत पाचवे शील म्हणायचे आणि रात्री 'दोनच पेग' म्हणत किल्ली फिरवायची, हे आम्हाला पटत नाही.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. प्रकरण रस्त्यावर मिटत नाही, कोर्टात जावे लागते. अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावे लागते. हा हक्क माहीत असू द्या.

अमेरिकेत अशा चालकाच्या गाडीला एक यंत्र बसवतात. त्यात फुंकायचे, श्वासात दारू आढळली तर इंजिन सुरूच होत नाही. आपल्या कायद्यात ही सक्ती नाही. दुसऱ्यांदा सापडणाऱ्यांना तरी ती असावी, असे आमचे मत. टेम्पोवर पोट असणाऱ्याचे लायसन्स गेले तर पोरे उपाशी राहतात. यंत्राने रोजी टिकेल. पण खर्च? तिकडे तो बहुधा चालकाच्याच माथी पडतो. गरिबाचा सरकारने उचलावा.

आणि हो, लिंबूपाणी, चहा, अंघोळ यांनी दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच गतीने काम करते. रात्री जास्त झालेली सकाळीही रक्तात असते. पहाटेच्या पाळीवाल्याने त्या दिवशी किल्ली घरी ठेवून एसटी धरावी.