कासवाला डोळे आहेत, शेवाळाचे काय?

मी जऊळक्याचा. समुद्र आमच्यापासून फार दूर. पण कासव अनोळखी नाही. देवळात शिरताना आधी दगडी कासवालाच हात लावून नमस्कार करतो. म्हणूनच कोकणातील वेळासची हकिकत वाचून मन भरून आले. मंडणगड तालुक्यातील त्या गावी पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या प्रयत्नाने गावकरीच त्यांची राखण करू लागले. आज पिले समुद्राकडे जाताना पाहायला दूरदूरची माणसे येतात.

आता दुसरे चित्र. आमच्या विहिरीच्या दगडांवर पावसाळ्यात हिरवे, चपटे पापुद्रे धरतात. आई त्याला शेवाळ म्हणते आणि खराट्याने खरवडते. शाळेच्या पुस्तकात त्याच्या भाऊबंदांची नावे होती : रिक्सिया, मार्केंशिया. खरे मूळ नाही, फूल नाही, बी नाही. प्रजननालाही पाणीच लागते. आमच्या विहिरीवरचे दुर्मिळ नसेल. पण याच गोतातील क्रिप्टोमिट्रियम हिमालयेन्स ही हिमालयातील वनस्पती धोक्यात आहे. तिचा महोत्सव कोणी भरवील काय?

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात ऑलिव्ह रिडले पहिल्या परिशिष्टात आहे. वनस्पतींची यादी त्यात आली ती १९९१ मध्ये, आणि तीत तेव्हा नावे सहाच होती : घटपर्णी, कुठ, ऑर्किड, सायकस अशी. शेवाळाच्या कुळातले एकही नव्हते.

कोणी म्हणेल, कासवाला डोळे आहेत, म्हणून दया येते. बोटभर शेवाळाने कोणाचे अडते? उघड्या दगडावर ओल धरून माती जमवायला जे आरंभ करतात, त्यांत हेच असते. आणि डोळ्यांचे म्हणाल, तर वेळासला ते पूर्वीही दिसतच होते; तरी अंडी जातच होती. बदल घडला तो ओळखीने. मग ती ओळख शेवाळालाही का मिळू नये?

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकलेल्याने घरी निदान एखादे नाव तरी न्यावे. यंदा आईला म्हणालो, पायरीवरचे खरवड, भिंतीवरचे असू दे.

“तुह्या पुस्तकात हाये का हे?” तिने विचारले.

“आहे.”

“मंग राहू दे.”