खर्च कोठे झाला व कोणासाठी झाला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी उत्तर व दक्षिण डाकोटा ही दोन शेजारी शेतीप्रधान संस्थाने १८८९ साली एकाच दिवशी अस्तित्वात आली. मध्यवर्ती सरकारने कोणावर अधिक खर्च केला, असा प्रश्न त्यांच्याविषयी सहज निघतो. १९४४ च्या कायद्यान्वये मिसूरी नदीवर उत्तरेत गॅरिसन हे एकच मोठे धरण झाले. दक्षिणेत ओआहे, बिग बेंड, फोर्ट रँडॉल अशी अनेक. तेव्हा दक्षिणेचे पारडे जड दिसावे, हे साहजिकच होय.

परंतु बुडाल्या त्या नदीकाठच्या कसदार जमिनी याच संस्थानांतल्या, त्यांतही पुष्कळशा तेथील मूळ रहिवाशांच्या. महापुरापासून बचाव झाला तो मुख्यतः खालच्या प्रांतांचा. मोबदल्यादाखल कालवे कबूल केले होते. उत्तरेस दाखविलेली सुमारे दहा लक्ष एकरांची आशा १९६५ त अडीच लक्षांवर आली व १९८६ त आणखी छाटली गेली. दक्षिणेची ओआहे कालवा-योजना १९८२ त रद्दच झाली. (तीस विरोध करणाऱ्यांत तेथील शेतकरीही होते, हे सांगितले पाहिजे.) धरणाचा पैसा संस्थानाच्या जमेस धरावयाचा, तर बुडालेले एकर खर्ची का पडू नयेत?

पीकविम्याच्या हप्त्याचा मोठा वाटा मध्यवर्ती सरकार उचलते, तो लाभ मात्र लागवड करणाऱ्याच्याच पदरी पडतो. तुलना करावयाची तर या सदराखाली करावी, आणि तीही दर एकरी. वस्ती इतकी विरळ असता दरमाणशी आकडा फुगणारच.