बिल्डिंग झाली हो, पण माणसं?

सरकारी हॉस्पिटलात काही भयंकर घडलं की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक, डीनला नाहीतर नर्सला झापायचं. दोन, नव्या बिल्डिंगची घोषणा करायची. दोन्ही स्वस्तातल्या (हो, बिल्डिंगसुद्धा. भूमिपूजनाच्या दिवशी खर्च फक्त नारळाचा).

नांदेड आठवतंय? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं. ३ ऑक्टोबरला तेव्हाचे हिंगोलीचे खासदार तिथे पोचले आणि त्यांनी डीनकडून संडास साफ करून घेतला. कॅमेऱ्यासमोर! संडास घाण असेलही. पण २४ बाळांची सोय असलेल्या विभागात साठाच्या वर बाळं होती, हेही तेव्हाच छापून आलं होतं. त्यावर कुणी काय केलं?

आता आपल्या भाषेत बोलू. सर्व्हर शंभर युजर्ससाठी घेतलाय, अडीचशे येतायत आणि तो कोसळला, तर आपण सपोर्टच्या पोराच्या हातात फडकं देतो का? आधी लोड बघतो ना? हॉस्पिटलात नर्सची पदं ठरतात मंजूर खाटांवरून, समोर झोपलेल्या पेशंटवरून नाही. नांदेडला खाटा पाचशेच्या आसपास. पेशंट हिंगोली, परभणी, यवतमाळ, शिवाय सीमेपलीकडे तेलंगणातूनही येणार, कारण त्यांच्यासाठी शेवटचा थांबा तोच. 'बेड फुल' म्हणून परत पाठवायची सोय नाही. मग जास्तीचा पेशंट दोन खाटांच्या मधे गादीवर. मंजुरीच्या कागदावर तो नाहीच, त्यामुळे त्याच्या वाट्याची नर्सही नाही.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे: टीचिंग हॉस्पिटलच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, आयसीयूत एकामागे एक. रेसिडेंट डॉक्टरांसाठी तर केंद्राने १९९२ सालीच लिहून ठेवलंय, सलग ड्यूटी साधारण १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणात, सुप्रीम कोर्टाला ३६-३६ तासांच्या ड्यूट्यांवर बोलावं लागलं. म्हणजे बत्तीस वर्षांत काय बदललं? आपण रात्री दोनपर्यंत रिलीज केलं की सकाळी कॉम्प-ऑफचा मेल टाकतो. आणि आपल्या डुलकीने फार तर साइट पडते हो.

'अहो पण डॉक्टर तिकडे जायलाच तयार नसतात!' हे वाक्य ऐकून कान किटले. अकरा महिन्यांचं कंत्राट, क्वार्टर गळकं, पगार कधी येईल ते साहेबांना ठाऊक, आणि पेशंट दगावला की नातेवाइकांचा मार. या अटींवर तुम्ही पुणे सोडून जाल? मी तर नाही जाणार. अटी बदला, मग बोला. पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावेत असं आहे. आपलं 'प्रगत' राज्य अजून त्याच्या बरंच खाली.

विस्ताराला माझा विरोध नाही. खाटा वाढायलाच हव्यात. पण खाटा आणि पदं एकाच जीआरमध्ये मंजूर करा, आणि पदं भरेपर्यंत फीत कापू नका. नाहीतर आहे त्याच नर्सला आणखी एक मजला सांभाळायचाय, एवढाच विस्तार.

आपल्याला काय, कंपनीचा मेडिक्लेम आहे. पण गावाकडे रात्री काकाला झटका आला तर १०८ ची अॅम्ब्युलन्स त्याला कुठे नेईल? तेव्हा मंडळी, एक काम करा. राज्याच्या ऑनलाइन माहिती अधिकार पोर्टलवर आपल्या जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलचे चार आकडे मागा: मंजूर खाटा, रोजचे दाखल पेशंट, मंजूर पदं, भरलेली पदं. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. माझा नांदेडचा अर्ज आज रात्री जातोय.