श्रवणयंत्र : आधी तपासणी, मग खरेदी

उत्तर कोलकात्यातील बागबाजारच्या सार्वजनिक दुर्गोत्सवाला १९१९ पासूनची परंपरा आहे. मंडपात ढाकांचा गजर सुरू झाला की, वृद्धांनाही तो ऐकू येतो. शेजारी बसलेल्या नातवाचे शब्द मात्र निसटून जातात. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज कानी पडतो, पण 'स', 'फ' यांसारखी व्यंजने हरपून वाक्याचा अर्थ तुटतो. अशा वेळी आप्तेष्ट मायेपोटी थेट दुकानातून श्रवणयंत्र आणतात. हेतू स्तुत्य असला, तरी क्रम चुकतो.

कमी ऐकू येणे हे लक्षण आहे, निदान नव्हे. कधी साचलेला मळ काढताच ऐकू येऊ लागते. कधी मध्यकर्णातील रिकिबीच्या आकाराचे हाड जखडलेले असते व शस्त्रक्रियेने लाभ होऊ शकतो. एकाच कानाचे बहिरेपण क्वचित श्रवणनाडीवरील गाठीचे द्योतक ठरते. अकस्मात आलेल्या बहिरेपणात तर पहिले काही दिवसच उपचारांसाठी मोलाचे असतात. यंत्र आवाज मोठा करते. रोग बरा करीत नाही, उलट तो झाकून ठेवू शकते.

अमेरिकेत १९७७ च्या नियमानुसार खरेदीपूर्वीच्या सहा महिन्यांत वैद्यकीय तपासणी आवश्यक होती. मात्र प्रौढांना स्वाक्षरी करून ती नाकारता येई. २०१६ मध्ये प्रौढांबाबत या अटीची अंमलबजावणी थांबली आणि ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष जाणवणाऱ्या प्रौढांसाठी यंत्रे खुल्या विक्रीस आली. अटींमुळे व खर्चामुळे अनेक जण यंत्राविना राहतात, हा त्यामागील युक्तिवाद रास्त आहे. तथापि तेथेही कानातून स्राव, वेदना, भोवळ किंवा अचानक बहिरेपण असल्यास वैद्याकडे जाण्याची सूचना वेष्टनावर द्यावी लागते. सक्ती गेली, गरज गेली नाही.

आपल्याकडे यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. त्या तुलनेत कान-नाक-घसा तज्ज्ञाची तपासणी आणि श्रवणालेख यांचा खर्च अल्प असतो. विक्रेत्याकडील मोफत चाचणी उपयुक्त असली, तरी ती वैद्यकीय परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. बागबाजारच्या रहिवाशांना तर बी. टी. रोडवरील बनहुगळी येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र जवळच आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून तिचे मुख्यालय आहे.

घर घेताना आपण हक्कपत्रांची छाननी करतो, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबत नाही. निवृत्तिवेतनाच्या पुंजीतून घ्यावयाच्या यंत्राबाबतही तोच विवेक हवा. कायद्याने सक्ती करो अथवा न करो, श्रवणालेख हाती आल्यावाचून धनादेशावर स्वाक्षरी करू नये.