नावात नगर, नोंदीत गाव

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ झेपावले आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. त्या दिवशी देशभर पेढे वाटले गेले. या यानाला अंतराळात नेणाऱ्या प्रक्षेपकाच्या दोन्ही अंगांना जे प्रचंड घन इंधनाचे बूस्टर होते, त्यांच्या पोलादी कवचाचे भाग पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या काठी घडले होते. त्या गावाचे नाव वालचंदनगर. चंद्रापर्यंत हात पोहोचलेल्या या वसाहतीच्या नावात 'नगर' आहे. तेथे आखीव रस्ते आहेत, कामगारांच्या चाळी आणि अधिकाऱ्यांचे बंगले आहेत, शाळा, दवाखाना, क्रीडांगण आहे. नाही ती फक्त नगरपालिका. शासनाच्या लेखी ही सारी वस्ती ग्रामीण भागातच मोडते.

२०२७च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. या गणनेत प्रत्येक वस्तीपुढे 'ग्रामीण' की 'नागरी' अशी नोंद होईल. ही नोंद वरकरणी कारकुनी वाटते. प्रत्यक्षात त्या एका शब्दावर पाणी, सांडपाणी, अग्निशमन, नगररचना आणि मुख्य म्हणजे स्वशासन अवलंबून असते. म्हणून वालचंदनगरचा प्रश्न एका गावापुरता राहत नाही.

इंदापूरला नोंदीचा इतिहास नवा नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची जी जमीन-पाहणी पुढे रयतवारीचा आधार ठरली, तिची नवी, सुधारलेली पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६च्या सुमारास प्रथम याच तालुक्यात राबवली. प्रिंगलने आधी बसवलेल्या जबर साऱ्याने येथील कुणबी मोडून पडला होता, शेते ओस पडली होती. चुकीची नोंद माणसाला कसे देशोधडीला लावते, याचा धडा सरकारला इंदापूरने दिला. जमिनीची अचूक मोजणी जेथून सुरू झाली, त्याच तालुक्यातील एका नगराची नोंद नव्वद वर्षांनंतरही त्याच्या खऱ्या रूपाशी जुळत नाही, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. बारामती आणि इंदापूर ही नावे एकेकाळी दुष्काळाच्या यादीत जोडीने येत. भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला आणि १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पुरे झाले, तेव्हा या माळरानाला बारमाही पाण्याची आशा लागली. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि दख्खनच्या कालव्यांवर उसाचे मळे उभे राहू लागले. नीरेपलीकडे साखरवाडी आणि माळीनगर याच काळातली. कळंब गावच्या शिवारात शेठ वालचंद हिराचंद यांनी हजारो एकर पडीक जमीन लागवडीखाली आणली, साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वसाहत वसवली.

वालचंद शेठजींची दृष्टी केवळ नफ्याची नव्हती, हे त्यांचे चरित्रच सांगते. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेल्या या माणसाने परकीय जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळुरूचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमची जहाजगोदी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स! पारतंत्र्यात असताना जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे स्वप्न पाहणारा आणि ते कृतीत आणणारा उद्योजक विरळाच. स्वदेशी हा शब्द व्यासपीठावर उच्चारणे सोपे असते, पोलादात ओतणे कठीण. वालचंदनगर हे त्या पोलादी स्वदेशीचे गाव. साखरेपासून निघालेला हा प्रवास साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे, अणुऊर्जा प्रकल्पांची अवजड उपकरणे, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स आणि १९७०च्या दशकापासून इस्रोच्या प्रक्षेपकांपर्यंत पोहोचला. आयटीआय झालेला, आजूबाजूच्या खेड्यांतला कुणब्याचा पोर येथे तासकाम आणि जोडकाम शिकून अग्निबाणाचे कवच घडवू लागला. ग्रामीण भारताच्या सामर्थ्याचा याहून मोठा दाखला कोणता?

पण वसाहत वसवणे आणि नगर घडवणे यांत अंतर आहे. वसाहतीला मालक असतो, नगराला नागरिक असतात. कंपनीच्या वसाहतीत घर मिळते ते नोकरीसोबत आणि सोडावे लागते तेही नोकरीसोबतच. तीस-पस्तीस वर्षे ज्या ओट्यावर संध्याकाळ घालवली, ज्या अंगणात मुलांची लग्ने केली, तो ओटा सेवानिवृत्तीनंतर परका होतो. नळाला पाणी आले नाही तर नगरसेवकाकडे जायचे नसते, कंपनीच्या कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. मालक उदार असतो तोवर ही व्यवस्था नगरपालिकेपेक्षाही चोख चालते. रस्ते झाडलेले, झाडे राखलेली, शाळा शिस्तीची. म्हणूनच अशा वसाहतींत वाढलेल्या पिढ्या त्या दिवसांची आठवण हळव्या स्वरात काढतात. मात्र उद्योगाला भरती-ओहोटी असते. ओहोटीच्या वर्षांत कोणताही उद्योग प्रथम आपल्या ताळेबंदाकडे पाहणार आणि दिवाबत्ती, गटारे, दवाखाना यांचा खर्च त्याला ओझे वाटू लागणार. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो एका कंपनीच्या नफ्या-तोट्यावर हजारो कुटुंबांचे नागरी जीवन टांगून ठेवणाऱ्या रचनेत.

यात आणखी एक गाठ आहे, ती जमिनीची. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने साखर कंपन्यांचे मळे शासनाकडे गेले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे त्यांची वहिवाट आली. वालचंदनगर परिसरातील मळेही त्यातच. मळ्यांवरचे कामगार महामंडळाचे नोकर झाले, चाळींत राहू लागले, त्यांची मुले-नातवंडे तेथेच वाढली. पुढे महामंडळाचा कारभार आक्रसत गेला, खंडाने जमिनी दिलेल्या मूळ शेतकऱ्यांना त्या परत देण्याचे धोरण आले. परंतु ज्यांनी त्या जमिनी कसल्या त्या कामगारांच्या पायाखालच्या दोन गुंठ्यांचा प्रश्न मागे पडला. अशा रीतीने एकाच परिसरात कंपनीची जागा, महामंडळाची जागा आणि गावठाण अशा तीन नोंदी नांदतात. तिघांपैकी कोणीही संपूर्ण वस्तीचा विचार करण्यास बांधील नाही. गटार जेथे कंपनीच्या हद्दीबाहेर पडते तेथे ते कोणाचेच राहत नाही.

राज्यघटनेने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने कलम २४३-क्यूमध्ये ग्रामीणतेकडून नागरीपणाकडे संक्रमण करणाऱ्या भागासाठी नगरपंचायत ही संस्था दिली. त्याच कलमाच्या परंतुकात 'औद्योगिक नगरी'ची तरतूद आहे : उद्योगसंस्था स्वतःच नागरी सेवा पुरवत असेल, तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगरपरिषद कायद्याच्या शीर्षकातच नगरपंचायती आणि औद्योगिक नगरी यांचा उल्लेख आहे. म्हणजे तीन वाटा उपलब्ध आहेत. ग्रामपंचायत राहणे, नगरपंचायत होणे किंवा उद्योगाच्या हाती नगरी सोपवणे.

तिसऱ्या वाटेचा अनुभव जमशेदपूरने दिला आहे. निवडून आलेली नगरपालिका की टाटांची व्यवस्था, हा वाद तेथे अनेक दशके न्यायालयात राहिला. तेथील नागरी सेवा देशात नावाजल्या गेल्या, यात शंका नाही. तरीही नागरिकाला मताचा अधिकार हवा की उत्तम पाण्याचा नळ हवा, अशी निवड करायला लावणे लोकशाहीला शोभत नाही. दुसरे टोक पाहायचे तर ओगलेवाडी पाहावी. कराडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, 'प्रभाकर' कंदिलाने घराघरांत उजेड नेला. कारखाना बंद पडला, कंदील स्मरणात गेला आणि शहराच्या कडेची एक वाडी तेवढी नावानिशी उरली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी अद्याप नांदते आहे, कारण तेथील उद्योग नांदतो आहे. गावाचे आयुष्य कारखान्याच्या आयुष्याएवढेच असावे काय, हा खरा प्रश्न आहे.

वालचंदनगरच्या शेजारीच दुसरी वाट दिसते. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हेही साखर कारखान्याच्या छायेत वाढलेले गाव. फरक एवढाच की तो कारखाना सहकारी. त्या गावाला नगरपंचायत मिळाली. खुद्द बारामतीच्या भोवती औद्योगिक वसाहत उभी राहिली, शिक्षणसंस्था आल्या, तशी तांदूळवाडी, जळोची, रुई ही गावे नगरपरिषदेच्या हद्दीत आली. इंदापूर तालुक्यात मात्र आजही नागरी संस्था एकच, ती इंदापूरची. पुण्याच्या वेशीवर याहून मोठा धडा आहे. लाखावर माणसे राहायला आली तरी वाघोली २०२१ पर्यंत ग्रामपंचायतच होती. सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाने जन्मभराची पुंजी घातली आणि पाणी टँकरने विकत घेतले. नोंद उशिरा बदलली की त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो.

हा केवळ पुणे जिल्ह्याचा प्रकार नाही. जनगणनेत ज्यांना 'गणना-नगरे' म्हणतात, म्हणजे रूप नागरी पण कारभार ग्रामीण, अशा वस्त्या देशात २००१ मध्ये १,३६२ होत्या. २०११ मध्ये त्यांची संख्या ३,८९४ झाली. पाच हजारांवर लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, हे त्याचे निकष. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झालेला हा भारत ना खेड्याच्या योजनेत नीट बसतो, ना शहराच्या.

ग्रामपंचायत सोडण्यास लोक कचरतात, त्यालाही कारणे आहेत. कर वाढतील, घरदुरुस्तीलाही परवानगी लागेल, रोजगार हमीची कामे जातील, ही भीती निराधार नाही. ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो. नगरपंचायतीत ते व्यासपीठ उरत नाही. गावकीचे पुढारीपण करणाऱ्यांना आपले पद जाण्याची चिंता असते, ती उघड बोलली जात नाही एवढेच. तथापि पूर्णवेळ मुख्याधिकारी, विकास आराखडा, मैलापाण्याची व्यवस्था आणि अग्निशमन बंब या गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नाहीत. अनेक गावांचा भार वाहणाऱ्या एका ग्रामसेवकाकडून नगराचा कारभार अपेक्षिणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

या परिसरात सामूहिक कर्तृत्वाची वानवा नाही. आषाढी वारीत जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. बेलवाडीच्या माळावर गोल रिंगण होते. त्या चार-पाच दिवसांत लाखो वारकऱ्यांचे पाणी, भोजन, मुक्काम, औषधोपचार ही गावे पार पाडतात. शासनाचे साहाय्य असते, पण भाकरी थापणारे हात गावातल्या मायबहिणींचेच असतात. त्या दिवसांत हद्द कोणाची, जागा कंपनीची की महामंडळाची, असे कोणी विचारत नाही. जो समाज वर्षातून एकदा चालते-बोलते नगर सांभाळू शकतो, तो स्वतःचे स्थिर नगर सांभाळू शकणार नाही, असे म्हणणे त्या समाजाचा अवमान करणे होय.

मात्र भक्तीतून उभे राहिलेले हे संघटन वर्षाचे बारा महिने टिकायचे तर त्याला संस्थेचे रूप द्यावे लागते. त्यासाठी वालचंदनगर आणि लगतच्या वाड्यावस्त्यांची एकत्रित मोजणी व्हावी. कंपनी, महामंडळ आणि ग्रामपंचायत यांच्या जागा एकाच नकाशावर याव्यात. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कामगार कुटुंबांना राहत्या जागेचा हक्क मिळावा. ज्याच्या नावावर घर नाही तो गावासाठी झाड तरी कशाला लावील? त्यानंतर नगरपंचायत की सक्षम ग्रामपंचायत, हा निर्णय ग्रामसभेने डोळसपणे घ्यावा. मुंबईतून लादलेली अधिसूचना आणि स्थानिक पुढाऱ्यांनी दडपलेला ठराव, दोन्ही सारखेच घातक. उद्योगानेही यात पुढाकार घेणे त्याच्या हिताचे आहे. आपल्या खांद्यावरचा भार समाजाच्या खांद्यावर सन्मानाने देणे, ही संस्थापकाच्या दृष्टीशी सुसंगत अशीच कृती ठरेल.

शेठ वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यांनी माळरानावर नगर वसवले आणि त्याला आपले नाव लाभले. ते नाव कारखान्याच्या फाटकावर आहेच. ते नागरिकांच्या स्वशासित संस्थेच्या दारावरही लागावे, यासाठी आता गावाने उठायला हवे. २०२७ची गणना करणारा शिक्षक दारात येईल तेव्हा माणसे मोजून जाईल. नागरिक किती, हे मात्र गावालाच सिद्ध करावे लागेल.