चित्रातला सुरा

गेल्या आठवड्यात एक आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाचे जेवण तुटलेले, झोप उडालेली. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळातील त्याचा नक्षीदार सुरा एका अनोळखी खेळाडूने अदलाबदलीच्या मिषाने लाटला होता.

‘‘चित्रातल्या सुऱ्यासाठी कसले रडणे, डॉक्टर?’’

पण असे सुरे खऱ्या पैशांत विकले जातात. तेव्हा चोरीही खरीच. हा व्यवहार ज्या ‘स्टीम’वर होतो, त्याच्या वाल्व्ह कंपनीने 2015 मध्येच सांगितले होते, की दरमहा सुमारे 77 हजार खाती लुबाडली जातात. 2025 पासून या खेळातील सौदा सात दिवसांच्या आत मागे घेता येतो. व्यापार करणाऱ्यांना ही मुदत जाचते. मला ती पथ्यासारखी वाटते.

म्हणून मी प्रथम विचारले, ‘‘किती दिवस झाले?’’

‘‘नऊ.’’ आजोबा रागावतील, या भीतीने तो गप्प राहिला होता.

मी आजोबांकडे पाहिले. गतवर्षी फोनवर ओटीपी सांगून बसल्याचे त्यांनीही घरात महिनाभर लपवले होते. 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवलेही नव्हते. वाढलेल्या रक्तदाबाची चौकशी करताना मला ते समजले.

नातवाला औषध लिहिले नाही. पासवर्ड बदलायला सांगितला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्ची त्याच्याजवळ सरकवत म्हणाले, ‘‘बाळा, होता तरी कसा तो सुरा?’’