फायबर आलं, पण रात्री नऊला नेट का अडतं? तारेपेक्षा वाटपाचा प्रश्न मोठा

अकलूज : सकाळी स्पीड टेस्ट केली तर आकडा नव्वदच्या पुढं. रात्री जेवणं उरकून गल्लीतले टीव्ही-मोबाईल सुरू झाले, की त्याच फायबरवर पोराचा क्लास अडतो आणि व्हिडिओ कॉलवरचा चेहरा गोठून बसतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "राऊटर बंद करून चालू करा." अकलूज असो, माळीनगर असो की वेळापूर-नातेपुते, घरात फायबर घेतलेल्यांना हे नवीन नाही. दोष बहुतेक वेळा तारेचा नसतो. एकाच तारेवरच्या घरांना वाटणी कशी करून दिली आहे, तिथं खरी मेख असते.

गावोगाव फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम आला. त्यात ग्रामीण भागात दीड कोटी घरजोडण्यांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे 'गावात तार पोचली का' हा प्रश्न हळूहळू मागं पडणार आणि एका तारेवर किती घरं बसवली, हा पुढं येणार.

घरगुती फायबरमध्ये सध्या जीपॉन हे तंत्र सर्रास वापरलं जातं. ऑपरेटरच्या केंद्रात ओएलटी नावाचं मशीन असतं. त्याच्या एका पोर्टमधून एक तार निघते आणि खांबावरच्या डब्यात ती फुटते, साधारण ३२ किंवा ६४ घरांसाठी. त्या एका तारेची ताकद डाऊनलोडला सुमारे २,४८८ एमबीपीएस आणि अपलोडला १,२४४. ६४ घरांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला तर वाट्याला जेमतेम ३८ एमबीपीएस येतात. प्लॅन मात्र प्रत्येकाचा शंभरचा! सगळे एकदम नेट ओढत नाहीत, या हिशेबावर धंदा चालतो, आणि तो हिशेब चुकीचाही नाही. चुकतो तो रात्री आठ ते दहा. त्यात ओएलटीपासून बाहेर जाणारी मुख्य लाईनच बारीक असेल, तर घरापर्यंतचं फायबर कितीही चांगलं असून उपयोग नाही.

इथं एक गैरसमज काढायला हवा. नीरा उजव्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळतं, तसं फायबरमध्ये होत नाही. डब्यापासून घर लांब आहे म्हणून वाटा घटत नाही. कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे मशीनमध्ये भरलेल्या नियमांवर ठरतं. तंत्रज्ञ त्याला क्यूओएस पॉलिसी म्हणतात.

हे साखर कारखान्याच्या अड्ड्यावर रोज दिसतं. गव्हाण एकच, ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेकडो, बैलगाड्यांची रांग वेगळी. नेटवर्कमध्येही फोनवरचं बोलणं एका रांगेत, टीव्ही दुसऱ्या, बाकी इंटरनेट तिसऱ्या रांगेत लावता येतं. बोलण्याला डेटा थोडाच लागतो, पण थांबणं चालत नाही, म्हणून त्याला पुढं सोडणं रास्तच. मात्र पुढच्या रांगेला मर्यादा घातली नाही, तर मागचे उभेच राहतात. आणि घरापासून बाहेरच्या लाईनपर्यंत प्रत्येक मशीनवर हे नियम जुळावे लागतात. मध्ये एकाने जरी पाकिटावरची खूण पाहिली नाही, की सगळी गाडी पुन्हा एकाच रांगेत.

वेगाची मर्यादा लावायच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत मर्यादेबाहेरची पाकिटं सरळ टाकून दिली जातात. मग कॉल तुटक होतो. दुसरीत ती थोडा वेळ थांबवून सोडली जातात. नेट जरा मंद, पण एकसारखं चालतं. प्लॅनच्या जाहिरातीत यातलं काही लिहिलेलं नसतं.

अपलोडकडे तर कुणी बघतच नाही. सेवा केंद्रातून कागदपत्रं चढवायची, ई-पीक पाहणीचे फोटो पाठवायचे, ही सगळी अपलोडचीच कामं. जीपॉनमध्ये प्रत्येक घराला अपलोडसाठी ठरावीक हमीचा वाटा देता येतो, किंवा 'उरलं तर मिळेल' असंही ठेवता येतं. घरगुती स्वस्त प्लॅन सहसा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

ऑपरेटरला मनमानी करता येत नाही, हेही खरं. केंद्राने जुलै २०१८ मध्ये मान्य केलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या चौकटीत वाजवी वाहतूक नियंत्रणाला मुभा आहे; पण पैसे घेऊन एखादं ॲप पुढं ढकलणं किंवा दुसरं मुद्दाम मंद करणं बसत नाही. शिवाय जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाऊनलोड लागतो. शंभरचा प्लॅन विकणाऱ्याला ही अट जड जाणारी नाही, हा भाग वेगळा.

तक्रारीआधी वायफाय बाजूला ठेवून राऊटरला केबलने लॅपटॉप जोडावा आणि तीन-चार दिवस सकाळी सातला व रात्री नऊला स्पीड मोजून स्क्रीनशॉट ठेवावेत. केबलवर दोन्ही वेळा आकडा सारखाच आला, तर घरातलं वायफाय तपासावं. फक्त रात्रीच आपटत असेल, तर ऑपरेटरला विचारावं : डब्यावर घरं किती, अपलोड किती, आणि हमीचा वेग किती? तक्रारीचा नंबर घ्यावा. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. शाळा, दवाखाने आणि ग्रामपंचायतींनी तर नवी जोडणी घेतानाच 'पर्यंत' हा शब्द सोडून हमीचा आकडा करारात लिहून मागावा. तसा प्लॅन महाग पडतो, पण दाखल्यासाठी आलेल्या माणसाला 'नेट नाही, उद्या या' सांगावं लागत नाही.